रिकामी खुर्ची, उघडा संगणक

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेली कितीतरी मुले-मुली आज तहसील कचेरीत, बँकेत, रुग्णालयात वा शाळेच्या कार्यालयात संगणकावर काम करीत आहेत. त्यांच्यासमोरील माहिती बहुधा दुसऱ्याची असते : कोणाचा जातीचा दाखला, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे बँकखाते. ती विश्वासाने सोपविलेली असते. तिच्या रक्षणाच्या एका साध्या उपायाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

पासवर्ड माणसाची ओळख पटवितो ती केवळ प्रवेश करताना. त्यानंतर कळफलकावर ज्याचा हात पडेल, तीच ती व्यक्ती असे संगणक मानतो. आपण चहाला गेलो आणि काम उघडे राहिले, तर कोणीही नोंद बदलू शकतो. दप्तरी मात्र नाव आपलेच लागते आणि खुलासाही आपल्यालाच द्यावा लागतो.

यावर दोन मर्यादा योजल्या जातात. पहिली निष्क्रियतेची : ठरावीक वेळ हालचाल झाली नाही की पडद्याला आपोआप कुलूप लागते. ती रिकाम्या खुर्चीची राखण करते. दुसरी सत्राची : काम चालू असले तरी काही तासांनी पासवर्ड पुन्हा मागितला जातो. कारण आपले चालू सत्र कोणी दुरून चोरले, तर त्याची हालचाल थांबत नाही आणि तेथे पहिली मर्यादा निरुपयोगी ठरते.

वेळ किती असावी? पेमेंट कार्डांची माहिती हाताळणाऱ्यांसाठी असलेले ‘पीसीआय डीएसएस’ हे आंतरराष्ट्रीय मानक निष्क्रियतेची मर्यादा १५ मिनिटे ठरविते. अमेरिकेतील ‘निस्ट’ या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत मध्यम पातळीच्या सुरक्षेसाठी निष्क्रियतेला ३० मिनिटे आणि सत्राला १२ तास सांगितले होते. वेळ फारच अल्प ठेवली, तर कंटाळलेली माणसे पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवितात आणि मूळ हेतूच फसतो.

तथापि, १५ मिनिटांतही पुष्कळ काही घडू शकते. म्हणून जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ ही कळ एकत्र दाबावी. कुलूप तत्काळ लागते. पालकांनीही सायबर कॅफेत ‘महाडीबीटी’वर पाल्याचा अर्ज भरल्यावर नुसती खिडकी बंद न करता ‘लॉगआउट’ अवश्य करावे.

कुलूप लावणे म्हणजे सहकाऱ्यावर अविश्वास नव्हे. ज्यांची माहिती आपल्या हाती आहे, त्यांच्याविषयीचे ते आपले कर्तव्य होय.