चालींतील साम्य : वारसा, योगायोग आणि उचल

गणेशोत्सवाच्या दिवसांत खोपट येथील एस. टी. स्थानकाच्या बाजूने जाताना ध्वनिक्षेपकावरून एखादे नवे गीत कानी पडते आणि लगेच जुन्या गीताची आठवण होते. बरोबरीचा मनुष्य ‘ही तर चोरी’ असे म्हणून मोकळा होतो. परंतु दोन चाली सारख्या वाटल्या एवढ्यावरून चोरी सिद्ध होते काय? भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न परिचयाचा आहे. कारण दोन भाषांतील सारख्या शब्दांविषयी त्याला हेच ठरवावे लागते.

शब्दसाम्याची मुख्यतः तीन कारणे संभवतात. मराठी ‘पाणी’ व हिंदी ‘पानी’ हे दोन्ही संस्कृत ‘पानीय’ शब्दापासून आले; हा समान वारसा होय. ‘बटाटा’ आपण पोर्तुगीजांकडून घेतला. ही उचल होय. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांत अर्थ व उच्चार दोन्ही जुळतात, तथापि त्यांचा परस्परसंबंध नाही. हा निव्वळ योगायोग होय.

चालींचेही असेच आहे. एकाच रागातील दोन गीते त्या रागाची स्वरवाक्ये घेणारच. त्यावर कोणा एकाची मालकी नाही. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत तर पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गीताचा निर्देश करण्याचा प्रघात होता. म्हणजे उचल होती, परंतु ती उघड होती. १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंबे यांनी स्वतंत्र चाली दिल्या, तेव्हा संगीतकाराचे श्रम वेगळेपणाने लोकांच्या दृष्टीस आले.

हे श्रम कायद्याने कसे रक्षिले आहेत? १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या लिखित वा मुद्रित स्वरलेखनाशी निगडित होती. मौखिक परंपरेच्या देशात ही अट गैरसोयीची होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती दूर झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या नाटकाविषयीच्या खटल्यात असे तत्त्व मांडले की, कल्पनेवर हक्क नसतो. तिच्या विशिष्ट आविष्कारावर असतो.

मुंबई उच्च न्यायालयापुढे २००८ मध्ये राम संपत यांनी राजेश रोशन यांच्याविरुद्ध दावा आणला. जाहिरातीसाठी रचलेली आपली धून ‘क्रेझी ४’ या चित्रपटाच्या गीतांत घेतली, अशी त्यांची तक्रार होती. घेतलेला भाग काही क्षणांचाच असला, तरी ज्या भागामुळे कृती श्रोत्याच्या मनात ठसते तोच घेतला असेल तर लांबी गौण ठरते, अशी न्यायालयाची भूमिका होती. प्रथमदर्शनी हक्कभंग मानून न्यायालयाने मनाई केली. पुढे तडजोड झाली.

उलट बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. डागर घराण्याची ‘शिवस्तुती’ आणि ए. आर. रहमान यांचे एक चित्रपटगीत यांच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी एप्रिल २०२५ मध्ये दिलेला आदेश खंडपीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये रद्द केला. एखादी रचना गायिली म्हणजे ती रचिली असे सिद्ध होत नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. परंपरेने चालत आलेल्या ठेव्यात कर्ता कोण हे ठरविणे किती अवघड आहे, हे यावरून दिसते.

मग निर्णय कसा करावा? पाठचिकित्सेत दोन हस्तलिखितांचा संबंध त्यांच्या समान शुद्ध पाठांवरून नव्हे, तर समान स्खलनांवरून जोडतात. कारण शुद्ध पाठ सर्वत्र सारखाच असावयाचा. तद्वत् यमनातील दोन गीतांत तीव्र मध्यम सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. परंतु रागाच्या वा तालाच्या नियमाने अपरिहार्य नसलेले तेच वळण, तोच विराम आणि तीच अनपेक्षित उडी अशी अनेक लक्षणे एकत्र आढळली, तर योगायोगाची शक्यता मावळते.

ही कसोटी न लावता निवाडा केला, तर एकतर खऱ्या रचनाकाराचे श्रम बुडतात, नाहीतर सर्वांच्या वारशाभोवती एखाद्याचे कुंपण पडते. दोन्ही हानी सारख्याच गंभीर आहेत. म्हणून ‘चोरी’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी नुसते साम्य न पाहता, ते साम्य अटळ होते की निवडलेले होते, हे पाहावे.