भाव मोबाईलवर, पोती मात्र त्याच आडतीत

केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम सुरू केले, तेव्हा ८ राज्यांतल्या २१ बाजार समित्या त्यात होत्या. आज एकट्या महाराष्ट्रात शंभरावर समित्या जोडल्या आहेत. फाटकावर नोंद, लॉट नंबर, नमुन्याची तपासणी, मग व्यापाऱ्यांची ऑनलाईन बोली आणि पैसे थेट खात्यात, अशी ही रीत. रुमालाखाली बोटे धरून ठरणारे भाव ज्यांनी पाहिले, त्यांना उघड बोलीचे मोल सांगायला नको.

घोडे अडते ते सोयाबीनच्या ढिगापाशी. परगावचा व्यापारी पोत्यात हात घालू शकत नाही. हवा किती, माती-काडी किती, डागी दाणा किती, हे तपासणीच्या कागदावरूनच त्याने ओळखायचे. दिवाळीच्या तोंडावर शे-दोनशे वाहने एकदम उभी राहिली की तपासणी नावापुरती उरते. मग बोली लावणारे पुन्हा त्याच यार्डातले चार व्यापारी! यंत्र बदलले, गिऱ्हाईक तेच. भाव वाढणार कुठून?

दुसरी अडचण पैशाची. जूनमध्ये बी-खताला उचल आडत्याकडून घेतलेली असते, माल त्याच्याच दारात न्यावा लागतो. शिवाय खात्यात पैसे आले की बँक थकलेल्या पीककर्जात वळते करील ही धास्ती. म्हणून शेतकरीच म्हणतो, "खात्यात नको बाबा, रोखच दे." त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ही उचल सोसायटीकडून वेळेवर मिळाली असती, तर तो आडत्याच्या दारी गेला असता का?

पाच क्विंटलसाठी नागपूर-इंदूरचा खरेदीदार ट्रक पाठवणार नाही. गावातल्या दहा-वीस जणांनी एकाच प्रतीचा माल एकत्र केला तर गोष्ट वेगळी. २०२० पासून शेतकरी उत्पादक कंपन्यांना आपल्या संकलन केंद्रावरूनच ई-नामवर माल विकता येतो. सोसायटीने ओलावा मोजायचे एक यंत्र घेतले तरी बरेच काम होईल. हमीभावाला १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या खरिपात ती १५ पर्यंत सैल केली होती, त्या भरवशावर मात्र राहू नये. ताडपत्रीवर दोन उन्हे द्यावीत, गावातच आकडा पाहावा, मगच गाडी भरावी. आणि तोलाई-हमालीची कपात दाखवणारी पट्टी हातात पडल्याशिवाय यार्ड सोडू नये.