मागच्या चाकाची रेषा

वाशीहून खाडीपुलावरून रोज मुंबईस जाणारे मोटारसायकलस्वार एक तक्रार करतात : गाडी सरळ धरली तरी एका अंगास ओढते. दोष कधी खाडीच्या वाऱ्याला दिला जातो, कधी पुलाच्या सांध्यांना. पण वाऱ्याचा जोर जाताना एका बाजूने लागतो, तर येताना दुसऱ्या. रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्याने गाडी थोडी डावीकडे झुकते. परंतु जाता-येता ओढ उजवीकडेच राहिली, तर आधी मागचे चाक पाहावे असे आम्हांस वाटते.

मागच्या पिढीतील पुष्कळांना ही काळजी नव्हती. १९७२ पासून निघालेल्या बजाजच्या जुन्या पेट्रोलच्या ‘चेतक’ला चेनच नव्हती, चाक थेट गिअरपेटीतून फिरे आणि त्याची जागा कारखान्यातच ठरे. (गाडी तिरपी करून मग किक मारावी लागे, हे कौतुक निराळे!) मोटारसायकलीची चेन मात्र झिजते, लांबते, सैल होते. मग एक्सल मागे ओढावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही बाजूंस एकेक स्क्रू असतो. खरी मेख इथेच आहे.

असे समजा की घाईत एका बाजूचा स्क्रू मिलिमीटरभर अधिक फिरला. दोन स्क्रूंमध्ये अंतर सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे चाक दोनशेत एक इतके तिरपे झाले. पुढचे चाक तेथून सव्वा मीटरवर. तिथे मागच्या चाकाची रेषा सहा मिलिमीटर बाजूला जाते. गाडी मग किंचित खेकड्यासारखी चालते. सरळ जाताना हँडल जरासे वळलेले राहते, चालकाचे अंग नकळत कलते, आणि एका बाजूचे वळण सहज, तर दुसरीकडचे हट्टी वाटू लागते. सहा मिलिमीटरने कोणी पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण हाताला या ओढीची सवय होते आणि चूक कळेनाशी होते. पुढच्या वेळी चेन ओढताना तिच्यावर आणखी एक चूक चढते. शेवटी पावसात, पुलाच्या ओल्या लोखंडी सांध्यावर एकदम ब्रेक लावावा लागतो, तेव्हा हा हिशेब उघडा पडतो. दातेरी चक्रांचे दात एका अंगाने झिजतात ते वेगळेच.

स्क्रूजवळ खुणा कोरलेल्या असतात. त्या सोयीच्या खऱ्या, पण अपघातात एकदा वाकून सरळ केलेल्या गाडीवर त्यांची साक्ष कामाची नाही. त्यापेक्षा दोरी बरी. ती मागच्या टायरच्या पाठीमागून घेऊन दोन्ही अंगांनी पुढे ताणावी, मागच्या टायरच्या पुढच्या कडेला जेमतेम टेकेल अशी. पुढचा टायर सहसा अरुंद असतो. हँडल सरळ ठेवल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंस दोरीपर्यंतची फट सारखी दिसली पाहिजे. गवंडी भिंतीची ओळ धरतो, तेच हे तंत्र.

एक्सलचा नट आवळताना चाक पुन्हा हलते, म्हणून आवळल्यावर दोरी पुन्हा लावावी. घाईच्या दुकानात नेमके हेच राहून जाते. शिवाय चाक मागे गेले की ड्रम ब्रेकची सळई ताणली जाते. तिचा नट तितकाच सैल करून चाक हाताने मोकळे फिरते का, ते पाहावे आणि मगच गाडी पुलावर न्यावी.