शेतीची औषधे, घरातील औषधे आणि लहान मुले

आपल्याकडे कांद्यावर मारायचे तेही औषध आणि तापावर घ्यायचे तेही औषध. मोठ्या माणसाला बोलण्याच्या ओघात फरक कळतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला तो कळत नाही. 'गोळी' या शब्दाचेही तसेच आहे. दुकानातली लिमलेटची गोळी, आजोबांची शुगरची गोळी आणि धान्याच्या कोठीत टाकायची गोळी, तिन्हींना घरात एकच नाव. त्यातून मूल औषध घेईना की "घे, खाऊ आहे" असे आपणच सांगतो. मग तोच खाऊ फडताळात दिसल्यावर त्याने तो का खाऊ नये?

खेड तालुक्यातील निघोजे, कुरुळी, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात हा प्रश्न दुहेरी झाला आहे. चाकण औद्योगिक वसाहत या गावांच्या शिवारात आल्यावर बरीच जमीन कारखान्यांकडे गेली. उरलेल्या रानात शेती चालू आहे आणि घराशेजारी खोल्या बांधून त्या कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या आहेत. त्यामुळे एकाच अंगणात शेतीची कीडनाशके असतात आणि कारखान्यात काम करणाऱ्यांनी घरगुती कामासाठी आणलेले थिनर, कूलंट किंवा सफाईचे ॲसिडही असते. त्याच अंगणात घरमालकाची नातवंडे आणि भाडेकरूंची मुले रांगतात. आपल्या मुलांना 'गोठ्यात जायचे नाही' हे माहीत असते. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या कुटुंबातील मुलाला ते कोणी सांगितलेले नसते.

भांडे बदलले की विष ओळखू येत नाही

विषबाधेच्या घटना पाहिल्या तर त्यांच्या मुळाशी पुष्कळदा भांड्याची किंवा बाटलीची अदलाबदल असते. बिहारमधील सारण जिल्ह्यात मश्रक भागातील एका शाळेत १६ जुलै २०१३ रोजी माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. पूर्वी कीटकनाशक असलेल्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असे त्या वेळी सांगण्यात आले. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी कोपरी येथे ३१ जानेवारी २०२१ रोजी पोलिओ मोहिमेत पाच वर्षांखालील १२ बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि सुदैवाने ती बरी झाली. जे काम रोजचे आहे अशा माणसांच्या हातूनही बाटली चुकते. मग घाईच्या घरात ती चुकणार नाही असे कोणी मानू नये.

आपल्याकडे ही अदलाबदल कशी होते ते पाहा. फुलकिड्यांसाठी फवारणी झाली, पाव बाटली औषध उरले. शेजारी मागायला आला. त्याला ते पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिले. त्याने त्यातले निम्मे वापरले आणि बाटली खिडकीत ठेवली. उन्हातून खेळून आलेल्या मुलाला ती बाटली म्हणजे सरबतच वाटणार. सायकलवरून सुटे फिनेल आणि संडासाचे ॲसिड विकणारेही अशाच बाटल्या भरून देतात. सबब एक नियम पक्का करावा : कोणतेही रसायन मूळ डब्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवायचे नाही आणि कोणालाही तसे द्यायचे नाही. शेजाऱ्याला हवेच असेल तर मूळ बाटली न्यावी व परत आणावी.

मूळ डबा टिकवण्याचे दुसरे कारण म्हणजे त्यावरील लेबल. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार प्रत्येक डब्यावर तिरका चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल असेल तर औषध अति तीव्र विषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा मध्यम आणि हिरवा कमी विषारी. कवटी व हाडांचे चित्र लाल रंगाच्या गटावर असते. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक किंवा सेंद्रिय, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो चुकीचा आहे.

मुलाच्या वजनाचा हिशेब

विषारीपणा शरीराच्या दर किलो वजनामागे मोजतात. साठ किलोच्या माणसाला जेवढे विष सोसते त्याच्या सहाव्या हिश्श्यात दहा किलोचे मूल संकटात येते. ३६ टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ मि.लि. मध्ये, सुमारे १,८०० मि.ग्रॅ. मूळ विष असते. लाल गटात प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास किलोमागे ५० मि.ग्रॅ. किंवा त्याहूनही कमी विष पुरते. दहा किलोच्या मुलासाठी हिशेब केला तर ५०० मि.ग्रॅ. सुद्धा होत नाहीत. एक घोट लागत नाही, बुचात राहिलेले चाटणेही घातक ठरू शकते.

हाच हिशेब घरातील औषधांना लावावा, कारण तेथे आपण अधिक बेफिकीर असतो. गरोदर मातेला आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळीत ६० मि.ग्रॅ. लोह असते. या गोळ्या गोड आवरणाच्या असतात आणि सहा महिन्यांच्या १८० गोळ्या घरात येतात. ज्या घरात गरोदर माता आहे तेथे पहिले मूल बहुधा एक-दोन वर्षांचे असते. अशा दहा किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर किलोमागे ६० मि.ग्रॅ. लोह पोटात जाते आणि एवढे लोह जिवावर बेतू शकते. सुरुवातीला उलट्या होतात, नंतर काही तास मूल बरे वाटते आणि पुन्हा अचानक ढासळते. गोळ्या घेणे मुळीच सोडू नये. त्या कुलपात ठेवाव्यात एवढेच.

आजोबांच्या मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या एक-दोन गोळ्याही लहान मुलाला धोकादायक असतात. देव्हाऱ्यातील कापूर तर कोणी विषात धरतच नाही, पण थोडासा गिळला तरी मुलाला झटके येतात. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी मुलाच्या हाती दिली की तो ती दाबतो, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडून बुबुळ भाजते.

उंदीर मारण्याच्या पेस्टविषयी स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. ती भाकरीच्या तुकड्याला लावून कोठीमागे किंवा खाटेखाली ठेवतात, म्हणजे नेमकी रांगत्या मुलाच्या उंचीवर. यातील पिवळ्या फॉस्फरसवर उतारा नाही. पहिल्या दिवशी मूल जवळजवळ ठीक दिसते. दोन-तीन दिवसांनी कावीळ होऊन यकृत निकामी होऊ लागते. लहान मूल असलेल्या घरात या पेस्टऐवजी पिंजरा लावावा, असे माझे स्पष्ट मत आहे. धान्यात टाकण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्याही राहत्या घरात आणू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो व झोपलेल्या माणसांना कळतही नाही. त्यांची विक्री प्रशिक्षित व्यक्तींपुरती मर्यादित ठेवली आहे ती याचसाठी.

कोठे व कसे ठेवावे

कीडनाशकांसाठी पत्र्याची कुलपाची पेटी करावी आणि ती गोठ्यात न ठेवता अवजारांच्या खोलीत, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच फळीवर ठेवावी. किल्ली खुंटीला न टांगता घरातील एकाच माणसाकडे असावी. औषध मोजण्याचे माप पेटीतच राहावे. स्वयंपाकघरातील चमचा त्यासाठी नेऊ नये. द्रावण कालवण्याची बादली अंघोळीला वापरू नये आणि तिला लाल पट्टा ओढून ठेवावा. बीजप्रक्रिया केलेले गुलाबी-लाल मक्याचे दाणे उरले तर तेही याच पेटीत ठेवावेत. मुलांना ते रंगीत गोळ्यांसारखे दिसतात.

दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांना उंच फळी व वेगळे कपाट सांगणे सोपे, करणे अवघड. त्यांनी औषधे आणि सफाईची रसायने वेगवेगळ्या दोन पिशव्यांत भरून छताजवळच्या हुकाला टांगावीत, किंवा औषधे कुलपाच्या सुटकेसमध्ये ठेवावीत. ओट्याखाली आणि मोरीच्या कडेला मात्र काहीही ठेवू नये. दीड वर्षाचे मूल डबा पालथा घालून त्यावर चढते, हेही ध्यानात असावे. ज्यांनी खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी भाडेकरू येण्याआधी अंगण आणि गोठा एकदा धुंडाळून पाहावा.

मुलाने काही गिळले तर

तोंडात राहिलेले बोटाने काढून टाकावे आणि अंगावर औषध सांडले असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात चुना किंवा औषध गेल्यास १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व मगच दवाखान्यात न्यावे. उलटी करवू नये. जुन्या माहितीपत्रकांत मिठाचे पाणी पाजण्याचा सल्ला छापलेला असे. त्या मिठानेच लहान मुलाचा जीव धोक्यात येतो. ॲसिड उलटीतून परत येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल, थिनर किंवा डिझेल उलटताना फुप्फुसात उतरते. दूध, तूप, लिंबू यांतही वेळ घालवू नये. मूल गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर निजवावे.

१०८ ला दूरध्वनी करावा. रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने चाकणचे ग्रामीण रुग्णालय किंवा पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय गाठावे. सोबत डबा, लेबल किंवा गोळ्यांची रिकामी पट्टी न्यावी. लाळ गळणे, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या ही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची लक्षणे असून त्यावर ॲट्रोपिन देतात; पण नेमके औषध कोणते हे कळले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो. तापाच्या पॅरासिटामॉलवरही उतारा आहे, मात्र तो पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. त्यामुळे 'सकाळी बघू' असे म्हणू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असून तो चोवीस तास चालू असतो. तो दाराच्या मागे लिहून ठेवावा.

जुना साठा

फोरेट, म्हणजे ज्याला आपण थिमेट म्हणतो, आणि ढेकूण-झुरळांसाठी घरात फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस, या दोन्हींवर केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. तरीही पोटमाळ्यावर अर्धी पिशवी निघते. ती इंद्रायणीत किंवा विहिरीजवळ टाकू नये, जाळूही नये. कुलपात बंद ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे व त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावावी. रिकामा डबा फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत, म्हणजे त्यात कोणी तेल किंवा पाणी भरणार नाही. पुढील खरेदीच्या वेळी क्षेत्राचा हिशेब करून लहान पॅकिंग मागावे. वीस गुंठे कांद्याला लिटरची बाटली स्वस्त पडते म्हणून घेतली तर उरलेले औषध वर्षभर घरात राहते.