सदाहरित वनातील अभ्याससफरीचे नियोजन : पुण्यातील महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य केला, तेव्हापासून, म्हणजे २००४ च्या सुमारापासून, क्षेत्रभेट ही केवळ वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र विभागाची बाब राहिलेली नाही. या अभ्यासक्रमासाठी आयोगाने जे पाठ्यपुस्तक तयार करवून घेतले, ते पुण्यातीलच डॉ. एरक भरुचा यांनी लिहिले असून प्रत्यक्ष निरीक्षणाला त्यात स्वतंत्र स्थान आहे. परिणामी कला व वाणिज्य शाखांचे प्राध्यापकही विद्यार्थ्यांना घेऊन जंगलात जाऊ लागले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि अशा भेटींची आखणी करताना बहुधा ताडोबा किंवा कान्हा येथील व्याघ्रदर्शनाचा नमुना डोळ्यांसमोर असतो. सह्याद्रीच्या सदाहरित व निमसदाहरित वनांना तो नमुना लागू पडत नाही. आणि तो लागू करण्याचा आग्रह धरल्यास विद्यार्थ्यांच्या पदरी निराशा व वनाच्या पदरी उपद्रव पडतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

येथे 'सफारी' या शब्दाविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही. हा शब्द स्वाहिलीतून इंग्रजीत आला आणि स्वाहिलीने तो अरबीतील 'सफर' या शब्दावरून घेतला. मराठीतील 'सफर' त्याच कुळातील. मूळ अर्थ केवळ प्रवास. त्यात जीपगाडी नाही आणि वाघही नाही.

प्राणी का दिसत नाहीत

मध्य भारतातील पानगळीच्या वनात सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो, तेथे गवत वाढते, गवतावर चितळांचे कळप पोसले जातात आणि त्या कळपांवर वाघ. उन्हाळ्यात पाने झडून दृष्टीही दूरवर जाते. सदाहरित वनात ही सारी रचना उलटी होते. प्रकाश वरच्या छत्रातच अडतो. पाने, फुले व फळे तेथेच असतात. तळाशी गवत जवळजवळ नसते, म्हणून तृणभक्षक विरळ आणि त्यांच्यावर जगणारे मोठे शिकारी प्राणी त्याहून विरळ. या वनातील बरेचसे सस्तन प्राणी झाडावर राहणारे किंवा रात्री वावरणारे आहेत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू छत्रातूनच झेपा घेत हिंडतो आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. उदमांजर रात्री बाहेर पडते. धनेश दिसण्यापूर्वी ऐकू येतो.

म्हणून या वनाची समृद्धी मोठ्या जनावरांच्या संख्येत मोजू नये. पश्चिम घाटातील उभयचरांच्या तीनचतुर्थांशाहून अधिक जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. त्यांपैकी एखादी पाहावयाची तर गाडीतून उतरून, वाकून, पाच-दहा मिनिटे एका जागी थांबावे लागते. पायी संथ चालणे हीच येथील सफारी होय.

ऋतूचा प्रश्न

नियोजनातील सर्वांत अवघड भाग हाच आहे. पुण्यात वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीत त्याच्या दहापट, ७००० मिलिमीटरच्या आसपास. परंतु हा सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. केरळच्या दक्षिण टोकाकडे कोरडे महिने थोडे असतात. उत्तर सह्याद्रीत मात्र सात-आठ महिने जवळपास कोरडे जातात. त्यामुळेच शास्त्रीय वर्गीकरणात आपल्याकडील बरेचसे वन निमसदाहरित ठरते. अंजनी, जांभूळ व पिसा या वृक्षांची पाने हिवाळ्यातही हिरवी राहतात. पण बेडूक, गोगलगायी, भूछत्रे आणि असंख्य कीटक या काळात दृष्टीआड होतात.

महाविद्यालयीन सहली नेमक्या डिसेंबर-जानेवारीत निघतात, कारण पहिल्या सत्राची परीक्षा तेव्हा आटोपलेली असते. वेळापत्रकाच्या दृष्टीने हे सोयीचे असले तरी सदाहरित वन त्या वेळी अर्धेच दिसते. बेडकांचे आवाज व प्रजनन अभ्यासायचे असल्यास जूनचा शेवटचा किंवा जुलैचा पहिला आठवडा निवडावा. वनस्पती, पक्षी व फुलपाखरे यांसाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य योग्य. हिवाळ्यातच जाणे भाग असेल, तर विषय बदलावा आणि पक्षी, शेकरूची घरटी वा देवराया यांचा अभ्यास करावा. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पुण्याच्या परिसरातील देवरायांवर केलेल्या कामामुळे तुलनेला आधारही मिळतो.

भीमाशंकर आणि आंबोली

पुण्याहून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेले भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर) एका मुक्कामाच्या भेटीस पुरेसे आहे. शेकरूसाठी ते प्रसिद्ध आहेच. शिवाय भर पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर वाढणाऱ्या काही बुरशी तेथे अंधारात मंद प्रकाशतात. अडचण अशी की, हे ज्योतिर्लिंगाचे स्थान असल्याने वनाच्या बहराचा काळ आणि श्रावणातील यात्रेचा काळ एकच पडतो. श्रावणी सोमवार व त्याला जोडून येणारी रजा पूर्णतः टाळावी. त्या दिवसांत वाहनांच्या रांगेतच दिवस सरतो.

आंबोली सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहे, म्हणून किमान दोन रात्री हाताशी हव्यात. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा २०१२ पासून जागतिक वारशात समावेश आहे. परंतु व्याघ्र प्रकल्पाचा भाग असल्याने पावसाळ्यात तेथील पर्यटन बंद असते. साहजिकच पावसाळी अभ्यासकांचा ओढा आंबोलीकडे वळतो, आणि तेथेच प्रश्न उभा राहतो. २००९ मध्ये स्वतंत्र जात म्हणून वर्णन झालेला आंबोलीचा भेक केवळ त्या परिसरात आढळतो व तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पावसाळ्याच्या आरंभी अवघे काही दिवस जांभ्याच्या कातळावरील उथळ डबक्यांत त्याचे प्रजनन चालते. चाळीस विद्यार्थ्यांचा एक गट विजेऱ्या घेऊन त्या कातळावरून फिरला, तर एका संध्याकाळीत किती अंडी तुडवली जातील याचा विचार प्राध्यापकांनीच करावयाचा आहे. विद्यार्थ्यांना तो सुचणार नाही. हिरण्यकेशीच्या उगमकुंडात सापडलेल्या माशाचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२१ मध्ये ते स्थान जैवविविधता वारसा स्थळ घोषित झाले. तेथे पाण्यात उतरू देऊ नये.

गट, रात्रफेरी व परवानगी

एका मार्गदर्शकामागे आठ ते दहा विद्यार्थी ही मर्यादा व्यवहार्य वाटते. मोठी बस नेली तरी गट वेगवेगळ्या वाटांनी, तासाच्या अंतराने सोडावेत. स्थानिक वाटाड्याचे मानधन अंदाजपत्रकात आधीच धरावे. ते शेवटी उरलेल्या रकमेतून देण्याची प्रथा अनुचित आहे. अंगाला लावण्याची कीटकरोधक मलमे पायांपुरती ठेवावीत व बेडकांना हात लावू नये, कारण त्यांची त्वचा अशी द्रव्ये शोषून घेते. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे दाट विणीचे मोजे पुरतात. उभयचरांना घातक ठरणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली असल्याने एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना बूट धुऊन वाळवावेत.

छायाचित्रासाठी चापड्यासारख्या सापाला काठीने हलवणे हा प्रकार सर्रास घडतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या संज्ञेत संरक्षित प्राणी पकडण्याचाही समावेश आहे, हे निघण्यापूर्वी वर्गातच सांगावे. अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश हवा असल्यास याच अधिनियमाच्या कलम २८ अन्वये परवाना लागतो. अर्जात तारखा, संख्या, मार्ग व उद्देश स्पष्ट लिहावा. नमुने गोळा करणे यात गृहीत धरले जात नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून प्राचार्य परवानगी देताना हात आखडता घेतात, ते समजण्यासारखे आहे. पावसाळी वनात धोका समुद्राचा नसला तरी धबधबे, निसरडे कातळ व घाटात कोसळणाऱ्या दरडी यांचा आहे. धबधब्याखाली जाणे कार्यक्रमातूनच वगळावे आणि परतीसाठी एक दिवस राखीव ठेवावा. सर्पदंशाबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर तयार केलेले असून चापड्याच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. आंबोलीहून सावंतवाडी सुमारे ३० किलोमीटर घाट उतरून आहे. तेथील रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक गटप्रमुखाजवळ असावा.

निरीक्षणवहीत वेळ, जागा, पावसाची स्थिती व ऐकलेले आवाज यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. 'पाहिलेले प्राणी' हा रकाना शेवटी येऊ द्यावा. दरवर्षी त्याच वाटेवर, त्याच आठवड्यात नोंदी घेतल्यास पाच-सहा वर्षांत फुलोरा व बेडकांच्या आगमनाचा तुलनात्मक तक्ता विभागाकडे तयार होतो. त्याची एक प्रत वनक्षेत्रपालांच्या कार्यालयास पाठवावी. पुढील वर्षीचा अर्ज करताना ती सोबत जोडता येते.