सापांच्या अंड्यांची उबवण

बंदिवासातील सापाने अंडी घातल्यापासून पिले बाहेर पडून पहिली कात टाकीपर्यंतच्या काळात अंड्यांची व पिलांची जी निगा राखावी लागते, तिचा विचार येथे केला आहे. सर्वच साप अंडी घालीत नाहीत. घोणस, फुरसे, मांडूळ, हरणटोळ इ. साप पिलांनाच जन्म देतात. नाग, मण्यार, धामण, दिवड, अजगर इ. साप अंडज आहेत. पाश्चात्त्य देशांत हौसेने पाळल्या जाणाऱ्या अंडज सापांत पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन (पायथन रीजियस) हा लहान चणीचा बिनविषारी अजगर व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक (पँथेरोफिस गुटॅटस) हे विशेष लोकप्रिय आहेत. पुढील विवेचन मुख्यतः बॉल पायथनला अनुलक्षून आहे.

कोंबडीच्या अंड्याचा अनुभव सापाच्या अंड्याला लावल्याने बरीच अंडी वाया जातात. पक्ष्याच्या अंड्याचे कवच चुनखडीयुक्त व ठिसूळ असते. सापाच्या अंड्याचे कवच चर्मपत्रासारखे मऊ व लवचिक असून त्यात कॅल्शियमाचे प्रमाण अल्प असते. पक्ष्याच्या अंड्यात पांढऱ्या बलकाचा भरपूर साठा असल्याने गर्भाला लागणारे पाणी आतच उपलब्ध असते. सापाच्या अंड्यात पांढरा बलक फारच थोडा असतो. अशी अंडी सभोवतालच्या ओलाव्यातून पाणी शोषून घेतात व अनेक जातींत ती उबवणीच्या काळात फुगतात आणि वजनानेही वाढतात. तिसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. पक्ष्याच्या अंड्यात पिवळ्या बलकाला मध्यभागी तोलून धरणाऱ्या पिळदार दोऱ्या असतात आणि कोंबडी आपली अंडी वारंवार फिरवीत असते. सापाच्या अंड्यात अशा दोऱ्या नसतात. गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो व त्याची श्वसनपटले तेथील कवचाला आतून चिकटतात. असे अंडे उलटले गेल्यास ही पटले फाटण्याचा किंवा गर्भ पीतकाखाली दबण्याचा संभव असतो. हा धोका सर्व जातींत सारखा नाही. तथापि अंडे ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत ठेवणे हा सर्वमान्य नियम आहे. त्यासाठी अंड्याच्या वरच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने खूण करून ठेवतात.

अजगराच्या कुळातील माद्या अंड्यांभोवती वेटोळे घालून बसतात व या काळात बहुधा अन्न घेत नाहीत. शीतरक्त मानला गेलेला प्राणी अंड्यांना ऊब देतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना प्रथम पटली नव्हती. लामार-पिको या फ्रेंच प्रवाशाने १८३० नंतरच्या दशकात तसे प्रतिपादन केले तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवण्यात आला नाही. पुढे १८४१ मध्ये पॅरिस येथील प्राणिसंग्रहातील अंडी उबविणाऱ्या मादीचे तापमान व्हॅलेंसियेन यांनी मोजल्यावर तिचे शरीर भोवतालच्या हवेपेक्षा उष्ण असल्याचे दिसून आले. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील ब्रह्मी अजगराच्या मादीवरील प्रयोगांचे निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. भोवतालचे तापमान ३३° से.च्या खाली गेले की, ही मादी स्नायूंचे झटके देऊन चयापचयाचा वेग व शरीराचे तापमान वाढविते, असे त्यांत आढळले. बॉल पायथनची मादी अशी उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या वेटोळ्याचा मुख्य उपयोग अंड्यांतील ओलावा टिकविणे व तापमानातील चढउतार सौम्य करणे हा होय. मादीकडून अंडी काढून घेणारा पाळणारा हेच काम पेटीकडून करून घेतो.

बॉल पायथनची मादी एका वेळी साधारणतः ३ ते ११ अंडी घालते. सफल अंडी पांढरी व टपोरी असतात, तर निष्फळ अंडी लहान, पिवळसर व मेणचट दिसतात. अंधाऱ्या जागी अंड्यामागे लहान विजेरी धरली असता कवचाखाली रक्तवाहिन्यांचे तांबडे जाळे दिसते. ते दिसल्यास अंडे जिवंत समजावे. घातल्यानंतर अंडी लवकरच एकमेकांस चिकटून त्यांचा घोस बनतो. हा घोस सोडविण्याच्या खटपटीत कवच फाटते, म्हणून तो अखंडच हलवितात.

उबवणीसाठी झाकणाची प्लॅस्टिकची पेटी घेऊन तीत ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट घालतात. व्हर्मिक्युलाइट वापरल्यास त्याच्या वजनाइतके पाणी मिसळण्याची रीत प्रचलित आहे; मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकू नये इतपत ते ओले असावे. ही पेटी तापनियंत्रक बसविलेल्या उबवण यंत्रात ठेवतात. बॉल पायथनच्या अंड्यांना ३१° ते ३२° से. तापमान मानवते व पिले सु. ५५ ते ६० दिवसांत बाहेर पडतात. कॉर्न स्नेकला २७° ते २९° से. पुरेसे असते. तापमान थोडे कमी झाल्यास उबवणीचे दिवस वाढतात. मात्र ते ३४°–३५° से.च्या पलीकडे राहिल्यास पाठीचा कणा वाकडा होणे यांसारखी व्यंगे उद्‌भवतात किंवा गर्भ मरतो. यास्तव थंडीपेक्षा अतिउष्णतेचे भय अधिक बाळगावे आणि यंत्रावरील आकड्यावर न विसंबता अंड्यांजवळ स्वतंत्र तापमापक ठेवावा. सुसर-मगरींप्रमाणे सापांत पिलाचे लिंग उबवणीच्या तापमानावरून ठरत नाही. ते गुणसूत्रांवर अवलंबून असते.

उबवणीच्या काळात पाळणाऱ्याचे काम मुख्यतः पाहण्याचे असते. आठवड्यातून एकदोनदा झाकण उघडून हवा बदलतात. अखेरीस गर्भांची ऑक्सिजनाची गरज वाढते, म्हणून तेव्हा हे अधिक वेळा करतात. झाकणावरील पाण्याचे थेंब अंड्यांवर पडू देऊ नयेत. घोसातील एखादे अंडे मरून त्यावर बुरशी आली, तरी शेजारची निरोगी अंडी बहुधा तग धरतात. मेलेले अंडे ओढून काढण्यानेच नुकसान अधिक होते. अंडी चेपलेली दिसणे याचा अर्थ काळावरून लावावा लागतो. आरंभी खळगे पडल्यास ओलावा कमी पडत आहे असे समजून तो अंड्यांवर पाणी न शिंपडता खालच्या भरणीत वाढवितात. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र खळगे पडणे स्वाभाविक असते. त्या वेळी घाबरून पाणी ओतणे घातक ठरते.

पिलाच्या वरच्या जबड्याच्या टोकाशी तात्पुरता अंडदंत असतो. त्याने कवचाला एक किंवा अनेक चिरा पाडून पिलू तोंड बाहेर काढते आणि तेथेच थांबते. एखाद्या दिवसाचा, कधी दोन दिवसांचाही हा विराम नवख्या माणसाला अडचणीचे चिन्ह वाटतो. वस्तुतः तो जन्माचा आवश्यक भाग होय. या अवधीत पिलू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते, कवचाखालील रक्तवाहिन्यांतील रक्ताभिसरण बंद होत जाते व उरलेले पीतक उदरात ओढले जाते. जरा चाहूल लागली की, डोके आत घेतले जाते. अशा पिलाला ओढून काढल्यास किंवा वारंवार डिवचून घाबरविल्यास ते पीतककोश बाहेर लोंबत असतानाच अंडे सोडते. कोश फुटल्यास रक्तस्राव होतो व जंतुसंसर्गाने पिलू दगावू शकते.

मुदत भरताच सर्व अंडी कात्रीने उघडण्याची चाल काही व्यावसायिकांत आहे. दुर्बल पिलू आत गुदमरू नये हा तिचा हेतू सांगितला जातो. पिलांचे रंग लवकर पाहण्याची उत्सुकता हेही एक कारण असते. कवचालगतच्या वाहिन्या कार्यरत असताना छेद गेल्यास धडधाकट पिलूही गमावण्याची पाळी येते. भावंडे बाहेर पडून एकदोन दिवस लोटले आणि एखाद्याच अंड्याला चीर नसली, तर वरच्या बाजूस लहान खिडकी करणे समर्थनीय ठरते. पिलाला बाहेर काढणे तेव्हाही टाळावे.

बाहेर आलेली सु. ४० सेंमी. लांबीची पिले ओल्या कागदावर स्वतंत्र डब्यांत, पिण्याचे पाणी देऊन ठेवतात. नाभीची चीर काही दिवसांत मिटते. शोषलेले पीतक त्यांना प्रारंभी पुरते, त्यामुळे लगेच भक्ष्य देण्याची घाई नसते. पहिली कात टाकल्यावर लहान उंदीर देतात.

भारतात या विषयाला कायद्याची चौकट आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘प्राणी’ या संज्ञेत अंड्यांचाही समावेश होतो. त्यामुळे देशी सापांची अंडी हौसेखातर आणून उबविणे बेकायदेशीर आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी जाती बाळगणाऱ्यास २०२२ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी करावी लागते व अंड्यातून निघालेल्या पिलांची नोंदही कळवावी लागते. महाराष्ट्रात हे ज्ञान उपयोगी पडते ते निराळ्या कारणाने. पाया खणताना किंवा जुनी भिंत पाडताना धामण, दिवड वा नाग यांची अंडी उघडी पडतात. ती मूळ जागी ठेवणे शक्य नसल्यास वन विभागाला कळवून सर्पमित्र ती ओलसर माती वा कोकोपीट भरलेल्या डब्यात, वरची बाजू न बदलता ठेवतात आणि पिले निघाल्यावर योग्य अधिवासात सोडतात. नागाचे पिलू अंड्यातून बाहेर पडतानाच विषारी असते. त्यामुळे त्याची अंडी घरात ठेवणे किंवा अननुभवी व्यक्तीने हाताळणे धोक्याचे आहे.