घटना देणारा राजा : औंध संस्थान

इराणच्या शाहने १९०६ साली मजलिस म्हणजे संसद मान्य केली ती तेहरानचा बाजार बंद पडल्यावर, हजारो लोकांनी ब्रिटिश वकिलातीच्या आवारात ठाण मांडल्यावर. सातारा भागातल्या औंधात उलटंच घडलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपणहून सत्ता सोडायचं ठरवलं आणि जानेवारी १९३९ मध्ये 'स्वराज्य घटना' लागू केली.

मसुद्यामागे गांधीजींचा सल्ला, राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा पुढाकार आणि मॉरिस फ्रिडमन ऊर्फ स्वामी भारतानंद या पोलिश इंजिनिअरचा हात होता. रचना खालून वर जाणारी : गावाने निवडलेली पंचायत, त्यावर तालुका समिती, सर्वांत वर विधिमंडळ आणि त्याला जबाबदार मंत्री. संस्थान मुळात चिमुकलं, तेही तुकड्यातुकड्यांचं. औंध, आटपाडी, कुंडल आणि थेट विजापूरकडचं गुणदाळ. कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली तीही याच राज्यात.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळातली. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) त्याच प्रयोगावर बेतलेला. भवानरावांचं नाव आज निघतं ते मात्र सूर्यनमस्कारांच्या प्रचारासाठी आणि औंधच्या चित्रसंग्रहालयासाठी, हे जरा अन्यायाचंच.

मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ही घटनाही संपली.